पन्हळ साफ कोणी करायची : मालकाने, मजुराने की दुकानातल्या पोराने?

उन्हाळा सरत आला की आपल्याकडच्या बाजारपेठांत दोन प्रकारची घाई सुरू होते. एक लग्नसराईची आणि दुसरी पेरणीची. कापडवाल्याला, शिंप्याला, भांडीवाल्याला, बियाणे-खतवाल्याला त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. या घाईत एक काम दरवर्षी मागे पडते. ते म्हणजे घराच्या आणि दुकानाच्या छताची पन्हळ साफ करण्याचे. काम लहान आहे, म्हणून ते उद्यावर जाते. उद्याचा परवा होतो, आणि एके दिवशी आभाळ भरून येते. मग धावपळ होते, हाताशी जो सापडेल त्याला पत्र्यावर चढवले जाते, आणि पुढे काय होते ते नशिबावर सोडले जाते.

हे काम स्वतः करावे की पैसे देऊन करून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण या प्रश्नात मालाचे नुकसान आहे, मजुरीचा हिशेब आहे आणि माणसाच्या हातापायांची किंमतही आहे. म्हणून त्यावर स्पष्ट बोलणे आम्हाला जरुरीचे वाटते.

माळवद गेले, पत्रा आला

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (पूर्वीच्या अहमदनगर) जामखेड तालुक्यातले खर्डा गाव इतिहासात मराठे आणि निजाम यांच्या 1795 च्या लढाईमुळे ओळखले जाते. निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेला किल्ला आजही तिथे उभा आहे. पण आपल्या दृष्टीने खर्डा हे आधी पेठेचे गाव आहे. बालाघाटच्या डोंगररांगांच्या काठावर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेजवळ असलेल्या या गावाची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही धान्याचा आणि देशी कापडाचा व्यापार करणारी पेठ अशीच आहे. आसपासच्या खेड्यांतून आणि बालाघाटावरून माल इथे यायचा आणि पुढे पुणे-सोलापूरकडे जायचा.

अशा जुन्या पेठांतली घरे आणि दुकाने माळवदाची असत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाणी जाण्यासाठी भिंतीतून बाहेर काढलेली लाकडाची किंवा दगडाची पन्हळ. पावसाळ्यापूर्वी घरातली माणसेच वर जात, उगवलेले गवत उपटत, नवी माती पसरत, चोपत आणि पन्हळीचे तोंड मोकळे करत. यात कोणाला भीती वाटत नसे, कारण माळवद सपाट आणि जाड होते. त्यावर माणसे चालत, धान्य वाळवत, उन्हाळ्यात रात्री झोपत.

आज पेठेत माळवदे थोडी उरली आहेत. त्यांची जागा पत्र्याने आणि स्लॅबने घेतली. स्लॅबवर माणूस निर्धास्त उभा राहू शकतो. पण पत्रा उतरता असतो, पातळ असतो, गंजलेला असला तरी खालून कळत नाही. सिमेंटचा पत्रा तर दिसायला भक्कम आणि पाय पडताच फुटणारा. उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पत्रा धुळीने माखला की बाकीच्या पत्र्यांसारखाच दिसतो, आणि माणूस नेमका त्यावरच पाय ठेवतो.

म्हणून “आमचे वडील, आजोबा स्वतः वर जाऊन करायचे, आम्हीही करू” ही समजूत आता तपासून पाहिली पाहिजे. वडील-आजोबा मेहनती होते यात शंका नाही. पण ते ज्या छतावर चढत होते ते छत वेगळे होते. सवय जुनीच राहिली आणि छत बदलले. बरेच अपघात या फरकातून होतात.

एका पावसाचे पाणी किती?

आपला भाग अवर्षणाचा, पाऊस कमी, मग पन्हळीची एवढी चिंता कशाला, असा एक विचार ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पाऊस वर्षाकाठी कमी पडतो हे खरे, पण पडतो तेव्हा थोड्या वेळात जोराने पडतो. परतीच्या पावसात, पूर्वा-उत्तरा-हस्त नक्षत्रांत, तासाभरात आठवड्याचा पाऊस होऊन जातो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दुकान 10 फूट बाय 20 फूट असेल तर छत सुमारे साडेअठरा चौरस मीटर. एका सरीत 50 मिलिमीटर पाऊस झाला तर त्या लहानशा छतावरून 900 लिटरहून अधिक पाणी खाली येते. म्हणजे 200 लिटरचे साडेचार पिंप. पन्हळ मोकळी असेल तर हे पाणी पाईपातून गुपचूप निघून जाते. ती तुंबली असेल तर ते सगळे पाणी जिथे वाट मिळेल तिथे उतरते. ही वाट बहुधा पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यात असते. भिंतीच्या आत काय असते? धान्याची थप्पी, कापडाचे तागे, शिंप्याकडचे गिऱ्हाइकांचे कपडे, गादीवाल्याचा कापूस, विजेचे मीटर.

2025-26 हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला रु. 8000 होता. समजा एका दुकानाची पन्हळ वर्षातून दोनदा, एकदा पावसापूर्वी आणि एकदा श्रावणानंतर, मजुरांकडून साफ करून घेतली आणि प्रत्येक वेळी रु. 1000 खर्च आला. वर्षाचे झाले रु. 2000. म्हणजे एक क्विंटल तूर भिजून वाया गेली तर चार वर्षांच्या सफाईचे पैसे एका रात्रीत पाण्यात गेले. भिजलेला माल सुकवून विकता येतो असे म्हणावे, तर खरेदी केंद्रावर आणि अडतीवर ओलावा पाहिला जातो, बुरशीचा वास लपत नाही, आणि भाव पडतो. दुकानाचा विमा असला तरी देखभालीअभावी झालेले नुकसान अशा पॉलिसीत सहसा धरत नाहीत. पॉलिसी काढताना हे कलम वाचून घ्यावे.

वेळेबाबतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मृग लागला की पन्हळ पाहू, म्हणजे 7-8 जूनपर्यंत सवड आहे, असे आपण धरून चालतो. 2025 मध्ये मोसमी पाऊस केरळात 24 मे रोजी आणि मुंबईत 26 मे रोजी दाखल झाला. राज्यात अनेक ठिकाणी मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाडा, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत अतिवृष्टीने हाहाकार केला. तेव्हा मृगाची वाट पाहण्याचे दिवस गेले. एप्रिल हा या कामाचा महिना मानावा.

स्वतः करण्याची बाजू

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. स्वतः काम करणाऱ्यांची बाजू दुबळी नाही.

पहिली गोष्ट, आपली वस्तू आपण पाहिली की तिचे दुखणे कळते. पत्र्याचा कोणता जे-हूक सैल झाला, कुठला वायसर उन्हाने फाटला, पन्हळीला उतार राहिला आहे की मध्येच पोट आले आहे, हे मालकाच्या डोळ्यांना दिसले तर दुरुस्ती वेळेवर होते. मजूर कचरा काढून जातो. सैल हूक त्याने सांगायलाच हवा असे बंधन त्याच्यावर नसते.

दुसरी गोष्ट, घाणीत हात घालण्यात कमीपणा नाही. आपल्याच जिल्ह्यात पारनेरला सेनापती बापटांनी हातात झाडू घेऊन गावची सफाई केली, आणि गाडगेबाबांनी गावोगाव आधी रस्ते झाडले, मग कीर्तन केले. दुकानदार गल्ल्यावर बसूनच शोभतो, ही समजूत काढून टाकली तर आपल्या अर्ध्या अडचणी कमी होतील.

तिसरी गोष्ट पैशाची. लहान दुकानदाराला, हातगाडीवाल्याला, भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्या कारागिराला हजार रुपये ही लहान रक्कम नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की जे काम जमिनीवर उभे राहून किंवा शिडीच्या खालच्या चार-पाच पायऱ्यांवरून होते ते मालकाने अवश्य स्वतः करावे. बुटक्या पडवीची पन्हळ, अंगणातला उतरता पाईप, पाईपाच्या तोंडाची जाळी, स्लॅबवरचे पाणी जाण्याचे भोक, ही सगळी कामे आपली. एक खुरपे, एक बादली, हातमोजे आणि तोंडाला बांधायला फडके एवढे सामान पुरते. कबुतराची वाळलेली विष्ठा तशीच खरवडू नये. आधी पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ नाकात जात नाही. पानांच्या कचऱ्यात विंचू असतो, कडेला गांधीलमाशीचे पोळे असते, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने ढवळावे. पत्र्याची धार लागली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. कचरा पाण्याने ढकलून पाईपात घालू नये, कारण तो खालच्या बेंडमध्ये जाऊन बसतो. तो हाताने काढून बादलीत भरावा आणि शेवटी दोन बादल्या पाणी सोडून पाहावे. पाणी कुठे थांबले तर तिथे उतार गेला आहे असे समजावे. दहा फुटाला पाऊण ते एक इंच उतार असला की पाणी नीट वाहते.

पावसाळ्यात दर आठवड्याला खालून एक नजर टाकावी. पन्हळीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. घरातली माठ-पिंपे कोरडी केली आणि डोक्यावरची पन्हळ तशीच राहिली, तर ती मेहनत वाया गेली.

मजूर लावण्याची बाजू

पण पत्र्यावर पाऊल ठेवावे लागत असेल, छत एका मजल्याहून उंच असेल, छत सिमेंटच्या पत्र्याचे असेल किंवा जवळून विजेची तार जात असेल, तर ते काम स्वतः करण्यात शहाणपण नाही. पेठेच्या अरुंद गल्ल्यांत विजेच्या तारा छताच्या किती जवळून जातात हे सर्वांना ठाऊक आहे. ॲल्युमिनियमची शिडी फिरवताना ती तारेला लागली तर शिडी धरणारा आणि चढणारा दोघेही सापडतात.

इथे कारागीर बंधूंना आम्ही एक गोष्ट कळकळीने सांगू. “मी गरीब माणूस, मजूर कुठून लावू, मीच चढतो,” असे कारागीर म्हणतो. वास्तविक हिशेब उलटा आहे. शिंपी, सुतार, मिस्त्री, मेकॅनिक, जरीकाम करणारा, यांचे भांडवल म्हणजे त्यांचे दोन हात. दुकानदार पडला आणि हात मोडला तरी त्याचा भाऊ किंवा मुलगा दुकान उघडू शकतो, माल विकला जातो. शिंप्याचे मनगट मोडले तर साधारण सहा आठवडे प्लास्टर आणि त्यानंतरही काही दिवस मशीन बंद. लग्नसराई किंवा ईद समोर असेल तर वर्षाची कमाईच बुडाली. त्यामुळे हजार रुपये वाचवण्यासाठी पत्र्यावर चढणे व्यापाऱ्यापेक्षा कारागिराला जास्त महाग पडते. काम स्वतः करायचे की नाही हे ठरवताना किती पैसे वाचतील एवढेच पाहू नये. पडलो तर काय बुडेल, हे आधी पाहावे.

तिसरा रस्ता, जो बंद झाला पाहिजे

आतापर्यंत आम्ही दोन रस्ते सांगितले. पण बाजारपेठेत प्रत्यक्षात जो चालतो तो बहुधा तिसराच असतो. मालक स्वतः चढत नाही आणि मजूरही लावत नाही. तो दुकानातल्या पोराला म्हणतो, “अरे, जरा वर जाऊन बघ, पाणी का गळतंय.” पोरगा चपळ असतो, नाही म्हणायची सोय नसते, आणि तो भिंतीवरून, खिडकीच्या गजावरून, ओल्या पत्र्यावर चढतो. शिडी नसते, दोर नसतो, खाली धरायला कोणी नसते. बाहेर पाऊस कोसळत असतो.

मालकाच्या वहीत या कामाचा खर्च शून्य दिसतो. काम फुकटात झाले असे त्याला वाटते. आमचे स्पष्ट मत आहे की हे काम फुकटात झालेले नसते. त्याची किंमत त्या पोराच्या अंगावर उधार टाकलेली असते. तो सुखरूप उतरला तर उधारी माफ झाली असे मालक समजतो. तो पडला तर ती उधारी त्याच्या आईबापांना फेडावी लागते.

तो पोरगा कपडा मोजायला, माल काढून द्यायला, हिशेब शिकायला दुकानात ठेवला आहे. त्याच्या पगारात पत्र्यावर चढणे धरलेले नाही. आईबाप “धंदा शिकेल” म्हणून त्याला आपल्या भरवशावर पाठवतात. ही अमानत आहे. आपला स्वतःचा मुलगा त्याच वयाचा असेल तर त्याला आपण त्या पावसात वर पाठवू का? हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावा. उत्तर “नाही” असेल तर दुसऱ्याच्या मुलाला पाठवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. 14 वर्षांखालील मुलाला नोकरीला ठेवणे हाच 2016 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, मग ते दुकान असो की हॉटेल. आणि कामावर असताना मजुराला अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या देशात 1923 च्या कायद्यापासून आहे. “तो स्वतःहून चढला” हे सांगणे सोपे असते, पण गल्लीतल्या दहा माणसांनी आपला आवाज ऐकलेला असतो.

काही व्यापारी म्हणतील की लहान गावात सगळे नात्यागोत्याचे असतात, पोरगा घरच्यासारखाच असतो, एवढा हिशेब कशाला. आम्ही म्हणतो, घरच्यासारखा असेल तर त्याला घरच्यासारखे जपा. काम सांगताना घरचा आणि औषधपाण्याच्या वेळी परका, असे चालणार नाही.

मजूर लावायचा तर रीतीने

मजूर लावला म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही. कोणत्याही व्यवहारासारखा हाही व्यवहार चोख असावा.

काम एप्रिलमध्ये सांगावे. जूनमध्ये सगळ्यांची छते एकदम गळू लागतात, तेव्हा पत्र्याचे काम करणारा मिळत नाही आणि मिळाला तर घाईत काम करतो. दर आधी ठरवावा आणि तो पन्हळीच्या फुटांवर ठरवावा, म्हणजे नंतर वाद होत नाही. यात काय काय येते तेही बोलून घ्यावे. नुसता कचरा काढणे, की सांधे बंद करणे आणि वायसर बदलणेही? सामान कोणाचे?

काम दोन माणसांना द्यावे, एकट्याला नको. एक वर आणि एक शिडी धरायला. शिडी भिंतीला टेकवताना चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, हा अंदाज ठेवावा आणि शिडीचे टोक छताच्या कडेच्या तीन फूट वर यावे, म्हणजे चढता-उतरताना धरायला आधार राहतो. सिमेंटच्या पत्र्यावर आडव्या फळ्या टाकल्याशिवाय पाय ठेवू देऊ नये. तार जवळ असेल तर वीज कंपनीला सांगून तेवढा वेळ पुरवठा बंद करून घ्यावा. काम सकाळच्या वेळी करावे. एप्रिलच्या दुपारी पत्र्यावर हात ठेवता येत नाही, तिथे माणसाला बसवणे हा जुलूम आहे.

आणि काम झाले की मजुरी त्याच दिवशी, हातात. “उद्या ये, परवा ये” हा जो प्रकार आहे तो बंद व्हावा. गिऱ्हाइकाने आपली उधारी थकवली की आपल्याला किती राग येतो. मजुराची मजुरी थकवणे ही त्याहून वाईट थकबाकी, कारण त्याच्याकडे थांबायला ताकद नसते. मजुरी वेळेवर देण्याबाबत दीनाची शिकवण काय आहे हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ती वहीत उतरली पाहिजे, एवढेच.

पत्र्याचे काम करणाऱ्यांनो, हा तुमचा धंदा आहे

या पानाचे वाचक फक्त काम देणारे नाहीत, काम करणारेही आहेत. पत्र्याच्या पेट्या, कोठ्या, डबे बनवणाऱ्या कारागिरांचे काम प्लास्टिकने आणि तयार मालाने कमी केले. या बंधूंनी पन्हळीच्या कामाकडे किरकोळ म्हणून पाहू नये. पन्हळ घडवणे, बसवणे, तिला उतार देणे आणि दरवर्षी तिची देखभाल करणे हा पूर्ण धंदा होऊ शकतो.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे गल्लीवार काम. एका गल्लीतल्या पंधरा-वीस दुकानदारांशी एकदम बोलून वर्षातून दोन फेऱ्यांचा करार करावा. शिडी एकदाच आणायची, दोर एकदाच बांधायचा, छते लागून असली की एका दिवसात बरीच दुकाने होतात. दुकानदाराला एकट्याने काम सांगण्यापेक्षा स्वस्त पडते आणि कारागिराला मे-जूनची धावपळ न करता ठरलेले काम मिळते. शेजारी-शेजारी दुकानांत पागोळीच्या पाण्यावरून जे तंटे होतात तेही यामुळे कमी होतील, कारण एकाच माणसाने दोन्हीकडची पन्हळ पाहिलेली असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे खरे बोलणे. पाच फुटांचा तुकडा बदलून भागत असेल तर पन्नास फूट नवी पन्हळ माथी मारू नये. आणि काम धोक्याचे असेल तर “दोर असल्याशिवाय चढणार नाही” असे सांगण्याची हिंमत ठेवावी. असे सांगणाऱ्या कारागिराला भित्रा म्हणू नये. त्याला त्याचे काम कळते, असे समजावे.

व्यापारी बंधूंनीही या कामी पुढाकार घ्यावा. मशीद, मदरसा, शाळा, समाजमंदिर यांची छतेही याच गल्ल्यांत असतात. तिथे उत्साही तरुणांना वर चढवून “सवाबाचे काम” म्हणण्याची पद्धत आहे. सेवेची भावना चांगली, पण पत्रा भावना ओळखत नाही. या इमारती गल्लीच्या करारातच घ्याव्यात आणि त्यांचा वाटा सर्वांनी मिळून द्यावा.

एक काम जे कोणीच करू नये

पन्हळीचे पाणी खाली उतरून गटारात जाते, म्हणून गटार आणि शौचकूप यांबद्दलही बोलले पाहिजे. रस्त्याकडेच्या सार्वजनिक गटाराची सफाई ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे आणि ती मागून घेणे हा आपला हक्क आहे. दारासमोरच्या नालीत अडकलेली पिशवी काढणे मात्र आपलेच काम. त्यासाठी कोणाची वाट पाहू नये, आणि आपला कचरा त्याच नालीत लोटूही नये.

पण घराच्या, हॉटेलच्या किंवा लॉजच्या सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे, मग तो कितीही पैसे मागून तयार झालेला असो, हे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. तो जास्त असला की वास येणेच बंद होते आणि माणूस काही कळण्यापूर्वी कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी 2014 मध्ये 10 लाख रुपयांची आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपयांची भरपाई सांगितली. पिढ्यान् पिढ्या ठराविक जातींच्या माणसांना या कामात ढकलले गेले आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरवले गेले. आपल्यातही मेहतर, हलालखोर म्हणून काही घरे बाजूला ठेवली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. टाकी उपसायला यंत्राची गाडी मागवावी. तिचे भाडे जास्त वाटले तरी तोच एक रस्ता आहे.

पाणी वाया का घालवता?

शेवटी फायद्याची एक गोष्ट. जामखेड, पाटोदा, भूम, कर्जत हा सगळा पट्टा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ते सर्वांना आठवत असेल. अशा भागात छतावरचे पाणी गटारात सोडणे हा अपव्ययच आहे. वर सांगितलेल्या लहान दुकानाच्या छतावरून एका चांगल्या पावसात 900 लिटर मिळतात. पन्हळ स्वच्छ असेल, पाईपाच्या तोंडाला जाळी असेल आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर सोडून दिले, तर पुढचे पाणी टाकीत घेऊन धुण्याला, सडा-सफाईला, जनावरांना वापरता येते. किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात जिरवता येते. सफाईचे रु. 2000 वर्षाला जातात असे जे वाटते, त्यातले काही टँकरच्या पैशांत परत येतात.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. पाहणी मालकाने स्वतः करावी आणि खालच्या उंचीचे काम स्वतःच्या हाताने करावे. उंचीचे आणि पत्र्यावरचे काम जाणत्या कारागिराला, दोन माणसांना, ठरलेल्या दराने, एप्रिलमध्ये द्यावे आणि मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. दुकानातल्या पोराला वर पाठवू नये, पाऊस कितीही जोराचा असला तरी. छत गळत असेल तर माल हलवावा, ताडपत्री टाकावी, पाऊस थांबण्याची वाट पाहावी. तूर पुन्हा भरता येते.